पुन्हा आत ये

टाळी त्याने सगळ्यांच्या आधी वाजवली.

शाळेच्या सभागृहात शेवटच्या वर्षाच्या मुलांचा निरोप समारंभ चालला होता. एकेक मूल पायऱ्या चढून वर जायचं, माइकपुढे उभं राहून आपल्याला कुठल्या कॉलेजात प्रवेश मिळाला ते सांगायचं, आणि खाली बसलेले आईबाप टाळ्या वाजवायचे. त्यानेही सकाळी उठून स्वतःच्या शर्टाला इस्त्री केली होती. कॉलरपाशी चुणी राहिली होती, कारण कॉलरची इस्त्री नेहमी बायको करायची. शेजारच्या खुर्चीवर त्याने रुमाल टाकून जागा अडवून ठेवली होती. कुणासाठी, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं... हिवाळ्यात बायको गेली, तेव्हापासून त्याच्या शेजारी बसणारं असं कुणी नव्हतं.

भिंगरी वर गेली. शाळेतलं नाव निराळं, पण रांगायला लागल्यापासून पोर एका जागी टिकली नाही म्हणून घरात सगळ्यांनी तिची भिंगरी करून टाकली होती. ती माइकपाशी पोचली, आणि तिने तोंड उघडण्याआधीच त्याने टाळी वाजवली. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाचे हात, दोर आणि लोखंडी पाने धरून रुंद झालेले. आवाज सगळ्या सभागृहात घुमला. कुणीतरी हसलं. त्याला त्याचं काही वाटलं नाही. आज वाजवायची नाही तर कधी?

"कुठेच नाही," भिंगरी म्हणाली.

तिने ते रडत म्हटलं नाही, पुटपुटलीही नाही. घड्याळात किती वाजले ते सांगावं तसं सांगितलं आणि पलीकडच्या पायऱ्यांनी उतरून गेली. तिच्यामागचा मुलगा वर जाऊन आपल्या कॉलेजचं नावच विसरला आणि नुसता उभा राहिला.

त्याचे तळहात अजून एकमेकांना चिकटलेले होते. त्याने ते सोडवले, शेजारच्या खुर्चीवरचा रुमाल उचलला आणि रांगेतल्या लोकांचे पाय तुडवत बाहेर पडला. कुणाला तरी जाब विचारल्याशिवाय तो घरी जाणार नव्हता.

मुख्याध्यापिका बाई समारंभातून निघून आपल्या खोलीत येईपर्यंत तो दारात उभा होता.

"माझी मुलगी कुठेच नाही म्हणजे काय?"

"तुम्ही आधी बसा, बघू."

"उभाच बरा आहे मी. दिवसभर उभाच असतो. या शाळेतल्या सगळ्या मुलांना कॉलेजला पाठवायचं काम कोण करत होतं? माझी बायको! आणि तिचीच मुलगी तेवढी राहते? ही कसली थट्टा मांडली आहे तुम्ही?"

बाईंनी धाकट्या सरांना बोलावून घेतलं. शाळेत मुलांना सल्ला द्यायला, पुढचं शिक्षण ठरवायला, मुलाखतीची तयारी करून घ्यायला दोन समुपदेशक होते. थोरली त्याची बायको, आणि तिच्या हाताखाली हे धाकटे सर. वयाने लहान, मान नेहमी एका बाजूला झुकलेली, जणू समोरचा फार हळू बोलतो आहे. आता मात्र समोरचा हळू बोलत नव्हता.

"सर, माझ्या मुलीची फाइल कुणाकडे होती?"

"मॅडमकडे... म्हणजे, मला वाटलं मॅडमकडेच." सरांनी घसा खाकरला. "प्रत्येक मुलाला वर्षभरात बसवून विचारायचं असतं, कुठे जायचं, काय शिकायचं. मग शिफारस करायची, मुलाखतीची तालीम घ्यायची. पण तिला मी कशाला बोलावणार? आम्ही स्टाफरूममध्ये म्हणायचोसुद्धा, हिला काय काळजी, हिच्या तर स्वयंपाकघरातच समुपदेशक आहे!"

"आणि ती घरात काय म्हणायची ठाऊक आहे? म्हणायची, पोटच्या पोरीचं मी करणार नाही, तिचं सर करतील. वर्षभर हेच ऐकलं मी! तिचं सर करतील, तिचं सर करतील!"

सरांचा चेहरा उतरला. "मला त्या कधी बोलल्या नाहीत."

"बोलली नसेल. तिला वाटलं असेल, तुम्हाला एवढं कळतं."

"आणि त्या आजारी पडल्यावर... त्या गेल्यावर... तिला बोलावून आईच्या आठवणी उकरून काढाव्यात असं कुणालाच वाटलं नाही हो."

शाळेला वाटलं घर करतं आहे. घराला वाटलं शाळा करते आहे. आणि मधल्या मोकळ्या जागेत त्याची पोर सरळ खाली गेली होती. मजल्यावर लिफ्ट आलेली नसताना कुणी दार उघडून ठेवावं, तशी ही चूक. कुणाची म्हणून गळा धरायचा? एक तर मातीत गेली होती, आणि दुसरा समोर मान झुकवून उभा होता.

"तुमच्या या शाळेपायी मेली ती!" तो ओरडला. ते खरं नव्हतं. ती आजाराने गेली होती, आणि खोलीतल्या तिघांनाही ते माहीत होतं. पण त्याने शब्द मागे घेतला नाही आणि कुणी घ्यायला सांगितलाही नाही.

तो वळला तेव्हा धाकटे सर मागून म्हणाले, "दुसरी फेरी आहे अजून. काही कॉलेजांत जागा उरतात. शिफारस मी आज संध्याकाळीच पाठवतो, पण मुलाखत तिला द्यावी लागेल. आणि जायची इच्छा तिची हवी."

"इच्छा मी बघतो," तो म्हणाला.

घरी भिंगरी टेबलाशी शेंगा सोलत बसली होती. शेजारी त्याची थोरली बहीण. भावजय गेल्यापासून ती दुपारी येऊन स्वयंपाक करून जायची आणि जाताना रोज काहीतरी बोलून जायची.

"चाललंय, बाबा, चाललंय!" तो दारातूनच सुरू झाला. "कॉलेजचं काय विचारलं की हेच तोंडावर फेकायचीस ना माझ्या? काय चाललं होतं? कुठे चाललं होतं?"

"अरे, चपला तरी काढ," बहीण म्हणाली.

"ताई, तू मध्ये बोलू नकोस."

"मी मध्ये नाही, बाजूला बसले आहे."

"सगळ्या लोकांसमोर! टाळ्या वाजवत होतो मी, माकडासारखा! घरी सांगता येत नव्हतं?"

भिंगरीने एक शेंग सोलली. "सांगितलं असतं तर तुम्ही आज आला नसता."

"मग कशाला आणलंस?"

"तुम्ही इस्त्री केलेली दिसली. मग नाही म्हणवलं नाही."

या उत्तराने त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. रागवायला निघालेल्या माणसाला कीव दाखवली की तो आणखी भडकतो, तसं झालं. त्याने दुसऱ्या फेरीचं सांगितलं, शिफारस आज जाते आहे म्हणून सांगितलं, आणि मुलाखतीला जायचं हे विचारलं नाही, बजावलं.

"मला जायचं नाही," भिंगरी म्हणाली.

"का?"

"नाही म्हणजे नाही."

"तुझ्या आईने सगळ्या वस्तीची पोरं मार्गाला लावली आणि तू म्हणतेस नाही? तिचं नाव घालवायला जन्माला आलीस का?"

शेंगांचं ताट टेबलावरून खाली गेलं. भिंगरीने ढकललं की तिचा हात लागला, कळलं नाही. ती उठून आत गेली आणि दार लागलं. जमिनीवर दाणे घरंगळत राहिले.

"झालं समाधान?" बहीण खाली बसून दाणे गोळा करू लागली. "इतक्या लिफ्ट उघडतोस, एक पोर उघडता येईना तुला."

आतल्या दाराच्या त्या आवाजाने त्याला दुसऱ्या दाराची आठवण झाली. लग्न झाल्यापासून या घरात सगळ्यात जास्त कशाचा आवाज ऐकला असेल, तर या बाहेरच्या दाराच्या कडीचा. बायकोची पद्धतच तशी होती. संध्याकाळी शाळेतली मुलं घरी यायची. हे टेबल, ही तिची खुर्ची, ती समोरची मुलाची. मुलाने बाहेर जायचं, दार वाजवायचं, आत यायचं, बसायचं आणि कॉलेजची मुलाखत द्यायची. उत्तर पाठ केलेलं वाटलं, घाबरलेलं वाटलं, दुसऱ्या कुणाला खूश करायला दिलेलं वाटलं की ती म्हणायची, "खोटं. जा, पुन्हा आत ये." मूल पुन्हा बाहेर. कडी पुन्हा खट्! तो कामावरून थकून आला की पलंगावर पडून ते ऐकायचा. "अगं, निदान कडीला तेल तरी घालू दे," तो म्हणायचा. "राहू द्या हो," ती म्हणायची, "आत आल्याचा आवाज झाला की मुलांना धीर येतो."

भिंगरी लहान असताना एकदा तीही बाहेर गेली, दार वाजवून आत आली आणि ऐटीत समोरच्या खुर्चीवर बसली. बायको हसली, हसता हसता तिचे डोळे भरले आणि तिने पोरीला उचलून खाली ठेवलं. "हिच्यापुढे मला बाई होताच येत नाही," ती रात्री त्याला म्हणाली. "मी प्रश्न विचारते आणि आई मधेच उत्तर देते. हिचं दुसरं कुणीतरी करील." तेव्हापासूनचा तो नियम!

आणि आजारपणातसुद्धा ती थांबली नव्हती. पलंग पुढच्या खोलीत आणून घेतला, उशीला टेकून बसायची आणि त्या परक्या पोरांना विचारायची, तुला काय व्हायचंय. घोटभर पाणी गिळताना कळा यायच्या, पण "पुन्हा आत ये" म्हणायला तेवढा आवाज असायचा! पुढे तोही गेला. तिच्या शेवटल्या दिवसांचे तुकडे करून या पोरांनी आपापसात वाटून घेतले, आणि नवऱ्याच्या वाट्याला औषधं आणि चादरी बदलणं आलं, असं त्याला वाटायचं. म्हणून ती गेली त्या दिवशी, दारात घोळका करून उभ्या राहिलेल्या त्या मुलांवर तो धावून गेला होता. "घेऊन झालं ना सगळं? आता काय न्यायला आलात? परत या उंबऱ्यात पाऊल टाकलं तर बघा!" मुलं मुकाट निघून गेली होती. भिंगरी त्याच्यामागे उभी होती.

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला नाही. त्याने फोन करून सांगितलं की अंगात कणकण आहे, आणि खुर्चीवर बसून बंद दाराकडे बघत राहिला. आतल्या दाराकडे. भिंगरी पाणी प्यायला बाहेर यायची, त्याच्याकडे न बघता परत जायची. बहीण आज सकाळीच आली होती आणि भांडी जरा जास्तच आपटत होती.

बाहेरची कडी वाजली. दारात शिडी उभी होती.

शिडी म्हणजे भिंगरीच्या वर्गातली मुलगी. इतकी उंच, की बायको तिला म्हणायची, तुला कॉलेजात जायला जिना नको. काल स्टेजवर तिने कुठल्याशा मोठ्या कॉलेजचं नाव घेतलं होतं आणि तिचे आईबाप उभं राहून टाळ्या वाजवत होते. तिला बघून त्याचं डोकं सणकलं.

"काय आहे?"

"काका, भिंगरीला भेटायचं होतं."

"सांगितलं होतं ना, या उंबऱ्यात पाय टाकायचा नाही म्हणून? विसरलीस?"

"नाही विसरले, काका." ती म्हणाली. "पण आम्ही तेव्हापासून रोजच येत होतो."

"काय?"

"दुपारी. तुम्ही कामावर असताना."

त्याने वळून बहिणीकडे पाहिलं. तिने कढई पालथी घातली. "माझ्याकडे काय बघतोस? घरात कोण येतं जातं ते तुला लिफ्टच्या दोराला लोंबकळून दिसत नाही, त्याला मी काय करू!"

मग शिडीने उंबऱ्याबाहेरच उभं राहून सांगितलं. मॅडम गेल्या तेव्हा मुलाखती तोंडावर आल्या होत्या आणि पाचसहा मुलांची तयारी अर्धवट राहिली होती. धाकट्या सरांकडे आधीच सगळी शाळा. काकांनी हाकलल्यावर दोन दिवसांनी भिंगरीनेच एकेकाला शाळेत गाठलं आणि म्हणाली, दुपारी या, बाबा नसतात. ती मॅडमच्या खुर्चीत बसायची. तसंच दार वाजवायला लावायची, तसंच परत पाठवायची. सुरुवातीला मुलांना रडू यायचं, मग सवय झाली. सगळे कॉलेजला लागले, काका. एकूण एक.

"आणि हिचं?" त्याचा आवाज फुटला. "हिचं कोण विचारत होतं? तुम्हाला कुणाला लाज वाटली नाही? माझी बायको खाल्लीत, आता माझी पोरसुद्धा..."

"आम्ही विचारलं होतं! ती म्हणाली, माझं आईने सगळं करून ठेवलंय!"

आतलं दार उघडलं होतं. भिंगरी चौकटीला टेकून उभी होती.

"मग काय सांगायचं होतं मी?" ती म्हणाली. "की सगळ्यांचं करणाऱ्या बाईने माझंच केलं नाही? की मी चार वेळा तिच्यासमोर जाऊन बसले आणि चारही वेळा तिने सांगितलं, तुझं सर करतील? मला बघायचं होतं, त्या खुर्चीत बसून ती यांना असं काय देत होती जे मला देता येत नव्हतं!"

"मग? बघितलंस?"

"काही नव्हतं तसं. नुसतं विचारायची. आणि ऐकायची." तिने चौकटीवर हात आपटला. "माझ्यासाठी तेवढंसुद्धा नाही, बाबा!"

मग उंबऱ्याबाहेरून शिडी म्हणाली, "तू मला विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं. पण तू आईचं नाव काढलं की उठून जायचीस."

"काय सांगितलं असतंस?"

"मॅडम मला तू करायच्या."

भिंगरीला कळलं नाही. त्यालाही नाही.

"आजारी होत्या तेव्हा. माझी तालीम संपली की म्हणायच्या, आता थोडा वेळ तू भिंगरी हो. मग मी बाहेर जायचे आणि तू होऊन आत यायचे. तुझ्यासारखं पाय हलवत बसायचे. त्या मला... म्हणजे तुला, विचारायच्या. सुरुवातीला पहिल्या प्रश्नालाच रडायच्या आणि म्हणायच्या, थांब, मीच पुन्हा आत येते. उठता यायचं नाही, तर नुसत्या भिंतीकडे तोंड करायच्या आणि परत वळायच्या." शिडीने नाक पुसलं. "म्हणायच्या, तिच्यापुढे न रडता विचारता येईल एवढी तयारी झाली की मी तिला बसवणार आहे. सर वगैरे काही नाही. मीच. पण मग त्यांचा आवाज गेला."

बहिणीने हातातलं फडकं तोंडाला लावलं. भिंगरी चौकट धरून हळूहळू खाली बसली, आणि तो... त्याला पहिल्यांदा आला तो रागच! इतक्या वर्षांच्या बायकोवर, की मुलीशी बोलायची तालीम परक्या मुलीपाशी केलीस आणि एकदासुद्धा ती खरी केली नाहीस! शेजारच्या पलंगावर मी होतो. मला तरी सांगायचंस!

"काय विचारायची?" तो शिडीला म्हणाला. "प्रश्न आठवतात?"

"सगळे."

"आत ये. कडी लाव." मग जरा थांबून, "ये, बाळ, आत ये. माझं चुकलं."

त्याने बायकोची खुर्ची ओढली. तिच्यात तो कधी बसला नव्हता. शिडी त्याच्या खांद्याशी उभी राहिली आणि वाकून कानात सांगू लागली. "भिंगरे, बाहेर जा," तो म्हणाला.

"बाबा, नको हे."

"बाहेर जा, दार वाजव, आत ये."

ती तणतणत उठली, बाहेर गेली, दार वाजवून आत आली आणि समोर बसली. पाय हलत होते.

"तुला कुठे जायचंय?"

"कुठेच नाही. काल सांगितलं ना."

"खोटं. पुन्हा आत ये."

"बाबा!"

"पुन्हा!"

कडी खट् वाजली. परत वाजली. या वेळी ती बसली तेव्हा तिने टेबलाकडे बघून, भरभर सांगितलं, की जमीन मोजून नकाशे करतात तो अभ्यास तिला करायचा आहे, शाळेत पहिला नकाशा हातात आला तेव्हापासून. डोंगर, नद्या, रस्ते, स्वतः पायी हिंडून.

"नकाशे?" बहिणीला राहवलं नाही. "ते फोनमध्ये असतात की, गं!"

"फोनमध्ये कुणीतरी घालतंच ना, आत्या!"

शिडीने पुढचा प्रश्न कानात सांगितला. त्याने घसा साफ केला. दोन मजल्यांमध्ये अडकलेल्या लिफ्टमधल्या माणसांशी तो बाहेरून बोलायचा तो एक आवाज होता त्याच्याकडे, संथ, खालच्या पट्टीतला. नकळत तोच निघाला. "जायला भीती कशाची वाटते?"

तिने ओट्याकडे बोट दाखवलं. "तुम्ही ओट्याशी उभे राहून जेवता. पातेल्यातूनच."

"मी उभा राहून जेवीन नाहीतर वर लटकून जेवीन! त्यासाठी तू जन्म काढणार इथे? ते ओझं माझ्या डोक्यावर ठेवतेस?"

"काका," शिडी हळूच म्हणाली, "मॅडम उत्तरावर भांडायच्या नाहीत."

तो थबकला. हात टेबलावर पालथे ठेवले. "बरं. ऐकलं मी. ताटात वाढून घेईन. बसून जेवीन. पुढचा सांग."

शिडीने पुढचा सांगितला, आणि तो ऐकून त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. तिने मान हलवली. "हा त्या दर वेळी विचारायच्या. मी भिंगरी होऊन उत्तर द्यायचे, नाही. दर वेळी म्हणायच्या, खोटं, पुन्हा आत ये."

त्याने मुलीकडे पाहिलं. डोळे थेट आईचे.

"तुला तिचा राग येतो का?"

भिंगरीचे पाय हलायचे थांबले. आणि मग ती उठली, कुणी न सांगता बाहेर गेली, दार ओढून घेतलं. बाहेर काहीच हालचाल नव्हती. बहीण उठायला लागली तर त्याने हाताने थांबवलं. शेवटी दार वाजलं.

"हो," ती आत येता येता म्हणाली. "हो, येतो! इतका येतो की ती गेली त्या दिवशी मला रडू आलं नाही, बाबा! सगळे म्हणाले, पोर किती धीराची. धीर कसला, मी चिडले होते! तिला लोकांच्या पोरांची नावं आठवायची, त्यांच्या घरची दुखणी आठवायची, आणि मी समोर असायचे... मी समोर असायचे! अजून चिडले आहे. मेलेल्या आईवर कुणी चिडतं का? अशा मुलीने कशाला कुठे जायचं?"

तो खुर्चीतून उठला. टेबल मध्ये होतं, ते त्याने सरळ बाजूला ढकललं.

"मी पण," तो म्हणाला.

"काय?"

"मी पण चिडलो आहे तिच्यावर. रोज. सकाळी उठल्यापासून. इस्त्री करताना, गोळ्यांची रिकामी पाकिटं सापडली की, कडी वाजली की... मला वाटलं या घरात मी एकटाच आहे असा."

मग मात्र भिंगरीला रडू फुटलं, हिवाळ्यात अडलेलं सगळं, आणि तिने बापाच्या अंगातल्या कालच्याच, चुण्या पडलेल्या शर्टात तोंड खुपसलं. तोही रडला. बहीण तर आधीपासूनच रडत होती. एकटी शिडी कुठे बघावं ते न कळून छताकडे बघत उभी राहिली, आणि तिच्या उंचीला छत काही फार लांब नव्हतं.

"पुढचा?" काही वेळाने भिंगरीने तिला विचारलं. "यानंतर काय विचारायची?"

"एकच राहायचा. शेवटचा. पण तो त्यांनी मला कधी सांगितला नाही. म्हणायच्या, हा तिचा तिलाच विचारीन."

धाकट्या सरांनी शिफारस पाठवली होती. मुलाखतीचं बोलावणं आलं. भिंगरीची तालीम रोज होऊ लागली. संध्याकाळी, उघडपणे, त्याच टेबलाशी. कधी सर येऊन प्रश्न विचारत, मान कलती ठेवून, आणि जाताना त्याच्याकडे बघायचं टाळत. एकदा त्याने त्यांना थांबवून चहा दिला. माफ केलं असं नव्हे. पण आपल्यासारखाच हा माणूसही त्या मधल्या मोकळ्या जागेत एक पाय घालून बसला आहे, एवढं त्याला दिसलं होतं.

मुलाखतीच्या सकाळी तो तिला बसस्थानकावर सोडायला गेला. बहिणीने डबा दिला होता, आणि सोबत सल्ला, की तिथे पाय हलवू नकोस, लोकांना वाटेल घाई आहे. बस लागली. भिंगरी चढली, खिडकीशी बसली आणि काच सरकवून बाहेर वाकली.

"बाबा, शेवटचा प्रश्न राहिला."

"तो मला ठाऊक नाही, बाळा. तो तिच्याबरोबर गेला."

"मग तिचा नको. तुमचा विचारा."

त्याने विचार केला. परत येशील ना, हे ओठांवर आलं. तो प्रश्न नव्हता, ते ओझं होतं, म्हणून त्याने गिळलं. माझ्यावर राग आहे का, हे आलं. तेही इथे, गाडी सुटताना विचारायचं नव्हतं. मागून कुणीतरी सामान चढवत होतं, वाहक ओरडत होता, आणि भिंगरी हनुवटी हातावर टेकून वाट बघत होती, कधी नव्हे ती अगदी स्थिर. त्याच्या तोंडून शब्द निघाला नाही. गाडी हलली. तिने हात हलवला, हसली, आणि काहीतरी म्हणाली ते इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही.

तो घरी आला, ताटात वाढून घेतलं आणि टेबलाशी बसून जेवला. तिला जागा मिळाली की नाही ते अजून कळलेलं नाही. त्या दिवशी दारातून हाकललेल्या मुलांपैकी एकटी शिडीच त्याच्यादेखत घरात आली आहे. बाकीच्यांकडे त्याला जायचं आहे, चुकलं म्हणून सांगायला. आणि मुलीला तो प्रश्न विचारायचा राहिला आहे.